सफ्राजेट: ‘सफर’ नव्हे, खळ्ळ् खट्याक!

प्रश्न असा आलाय: रमाबाई रानड्यांवरच्या एका भाषणात वक्त्यांनी त्यांना ‘सफ्राजेट’ म्हटलं, वर ‘ज्यांनी सफर केलं (इंग्रजी ‘सफर’, म्हणजे सोसणे) त्या सफ्राजेट’ अशी फोडही सांगितली. फोड बरोबर आहे का, आणि रमाबाईंना तो शब्द लागू होतो का?

फोड साफ चूक. आठ मार्च जवळ आला की ती कुठे ना कुठे कानावर पडतेच, आणि टाळ्याही घेते. इंग्रजी ‘सफर’च्या मुळाशी लॅटिन ‘फेर्रे’ आहे, म्हणजे वाहणे, सोसणे. ‘सफ्रेज’ आला ‘सुफ्रागियुम’वरून, म्हणजे रोमन नागरिकाचं मत. दोघांत सारखा आहे तो फक्त ‘सुब्’ हा उपसर्ग. तेवढ्यावर नातं जुळवायचं तर ‘प्रहार’ आणि ‘प्रसाद’ही सख्खे भाऊ!

‘सफ्रेज’चा मताधिकार हा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे, तो सोडू. खरी गंमत ‘फ्राग’मध्ये आहे. ‘फ्रांगेरे’ म्हणजे मोडणे आणि ‘फ्रागोर’ म्हणजे मोडताना होणारा कडकडाट. (आपल्या ‘भंग’शी हे जोडायचा मोह होतो, पण मधला ‘र’ आडवा येतो.) काही पंडित म्हणतात, मत खापराच्या तुकड्यावर लिहीत, म्हणून ‘फ्राग’. मला हे अजिबात पटत नाही. खापरावर नावं लिहायचे ते अथेन्सवाले, आणि तेही एखाद्याला हद्दपार करायला. रोममध्ये निवडणुकीत गुप्त मतदान आलं इ.स.पू. १३९ मध्ये, तेही पाट्यांवर. त्याआधी मत तोंडी सांगायचं. मग खापर आलं कुठून? दुसरा तर्क मला प्रिय आहे: जमावाने संमतीसाठी केलेला गलका, शस्त्रांचा खणखणाट, तोच हा ‘फ्रागोर’. सिद्ध झालेलं नाही, मान्य. पण १ मार्च १९१२ ची लंडनची संध्याकाळ बघा. मताचा हक्क मागणाऱ्या, नीटनेटक्या पोशाखातल्या बायका बाजारपेठेत हिंडताहेत, आणि एकदम हातोड्या बाहेर काढून दुकानांच्या काचा फोडताहेत. त्यांच्या पुढारी एमेलिन पँखर्स्टबाईंनी तर थेट पंतप्रधानांच्या घराच्या खिडक्यांवर दगड मारले. मुळातच कडकडाट असलेला शब्द दोन हजार वर्षांनी पुन्हा खळ्ळ् खट्याक करतो, याहून सुंदर व्युत्पत्ती मला तरी माहीत नाही.

आता शेपूट. ‘एट’ हा फ्रेंच लघुत्वदर्शक प्रत्यय. १९०६ मध्ये ‘डेली मेल’ने तो हिणवायला चिकटवला. आपल्याकडे पोरचं ‘पोरटी’ होतं, तसं हे ‘मताधिकारटी’! पँखर्स्टबाईंच्या संघटनेने ती शिवी उचलून मिरवली, १९१२ मध्ये आपल्या वृत्तपत्राचं नावच ‘द सफ्राजेट’ ठेवलं. काहीजणी मुद्दाम ‘ज’चा ‘ग’ करून ‘सफ्रागेट’ म्हणत. ‘गेट’ म्हणजे आम्ही मत मिळवणारच. संघटनेचं ब्रीद होतं ‘शब्द नकोत, कृती हवी’. माझ्यासारख्याला ते परवडणारं नाही.

म्हणून सरसकट ‘स्त्री-मताधिकारवादी’ असा अर्थ देऊन मोकळे होणारे कोशकार मला आळशी वाटतात. मिलिसेंट फॉसेटबाईंची मंडळी अर्ज, सभा, मोर्चे या सनदशीर वाटेने गेली, त्या ‘सफ्रजिस्ट’. काचा फोडून तुरुंगात जाणाऱ्या, तिथे उपोषण करणाऱ्या त्या सफ्राजेट. हिंदुस्थानी रक्ताची सफ्राजेट हवीच असेल तर पंजाबच्या महाराजा दुलीपसिंगांची कन्या सोफिया घ्या. ती हॅम्प्टन कोर्ट राजवाड्याबाहेर उभी राहून तेच वृत्तपत्र विकायची.

हां, रमाबाई. पुण्यात मुलींच्या सक्तीच्या शिक्षणासाठी आणि पुढे मुंबई इलाख्यात बायकांच्या मतासाठी त्या लढल्या, पण काच एकही फोडली नाही. १९१९ मध्ये लंडनला जाऊन पार्लमेंटच्या समितीपुढे बाजू मांडणाऱ्या हेराबाई टाटा आणि त्यांची लेक मिठन यांचाही मार्ग सनदशीरच. १९२१ मध्ये मुंबईच्या कौन्सिलने बायकांना मत दिलं, अर्थात मिळकतीची अट होतीच. त्यामुळे वक्त्यांना इंग्रजी शब्दच मिरवायचा असेल तर ‘सफ्रजिस्ट’ म्हणावं. आणि कुणी अनेकवचन विचारण्याआधीच सांगतो: मराठीत ते ‘सफ्राजेट’च राहू द्या, ‘सफ्राजेट्स’ नको. तिकिटाचं ‘तिकीट्स’ करणारेही माझ्या यादीत आहेतच.