अनाहता की अनाहूत?

ताई, आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. घरामागेच यंत्रमाग, दिवसभर खटखट. लेक सव्वा महिन्याची होतेय, पुढच्या गुरुवारी बारसं आहे. मला तिचं नाव 'अनाहता' ठेवायचंय. काहीतरी तरल, या जगातलं न वाटणारं. सासूबाईंना (घरात कानडी बोलतात) 'सिद्धेश्वरी'च हवंय, कारण बाळ गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत झालं. नवरा म्हणतो, तुम्ही दोघी ठरवा. काय करू?
– एक आई

अगं, मागाच्या खटखटीत बसून तुला अनाहत नाद आठवला, हे मला फार आवडलं. आहत म्हणजे आघातातून निघालेला आवाज. धोटा इकडून तिकडे आदळतो, तो आहत. कशावर काही न आपटता जो उमटतो, तो अनाहत. कल्पना सुंदर आहे, पण नाव म्हणून मी ते ठेवणार नाही.

कारण सरळ आहे. ऐकणाऱ्याच्या कानावर पहिल्यांदा 'अनाहूत' पडेल, म्हणजे न बोलावता आलेली. सासूबाईंच्या तोंडी मधला 'ह' गळाला तर 'अनाता', आणि शेजारीण तेच ऐकून 'अनाथा' करेल. आपल्या राज्यात हे हसण्यावारी नेता येत नाही. मुलगी नको म्हणून 'नकुशी' नाव ठेवलेल्या मुली इथेच होत्या; २०११ मध्ये साताऱ्यात अशा पावणेतीनशेहून जास्त मुलींची नावं समारंभ करून बदलली. तुझ्या लेकीला आयुष्यभर 'नाही हो, तसा अर्थ नाही' असं सांगत बसावं लागू नये.

तरल नावं आपल्याकडे कमी नाहीत, जुनी झाल्यामुळे ती आपल्याला दिसत नाहीत एवढंच. माझ्या मावशीचं नाव ज्योत्स्ना, म्हणजे चांदणं. सगळ्या गल्लीने तिला जन्मभर 'जोस्ना' म्हटलं, जोडाक्षराचा पार चुरा केला. कौमुदी म्हणजेही चांदणंच, पण ते कुणाच्याही जिभेवर बसतं. नीहारिका छान आहे, धुकं आणि आकाशातला तेजोमेघ दोन्ही. फक्त तिथेही 'ह' आहे आणि दाखल्यावर ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ नक्की. मला विचारशील तर शर्वरी. रात्र. वीज गेली, माग थांबले की जी शांतता पसरते ना, ती. (बाळ अशा वेळी दचकून उठतं की नाही, कळव मला.)

ठरवण्याआधी एक कर. नाव गच्चीवरून मोठ्याने हाक मारून बघ आणि सासूबाईंनाही मारायला लाव.

आणि त्यांच्याशी भांडू नकोस. पाळण्यातलं नाव सिद्धेश्वरी ठेव. ग्रामदैवताच्या यात्रेत जन्मलेल्या नातीला आजीने दुसरं काय म्हणावं? घरात 'सिद्धू' म्हणतील, तेही गोड आहे. कागदावरचं नाव तुझं. त्याची घाई नाही: जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, ती झाली असेलच, नाव मात्र नोंदणीपासून १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं. पण आधार आणि शाळा दोन्हीकडे अक्षर न् अक्षर दाखल्याप्रमाणेच दे.

आणि हो, नणंदेला नाव आधीच चिठ्ठीवर लिहून दे. कानात नाव सांगताना पाठीत धपाटे पडतात ते आत्याच्या, पण ती अडखळली तर तिच्या तोंडून निघालेला उच्चार मात्र बाळाला चिकटतो.