ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगच्या मूळ संकल्पना सोप्या भाषेत कोणी सांगेल का? आणि सुरुवात जावापासून करू की पायथनपासून?

तू लिहिलंयस की बीसीएस दुसऱ्या वर्षाला आहे, चार पिलर (एन्कॅप्सुलेशन, ॲबस्ट्रॅक्शन, इन्हेरिटन्स, पॉलिमॉर्फिझम) पाठ झालेत पण डोक्यात काही बसत नाही, आणि पुढच्या महिन्यात तोंडी परीक्षा आहे. ते तोंडी परीक्षेचं वाचलं म्हणून मी लिहायला बसलो, नाहीतर ह्या प्रश्नावर प्राणी, कुत्रा, मांजरवाली उत्तरं आधीच ढिगानं पडलेली आहेत.

2008 साली मी तुझ्याच जागी होतो. आमच्या भागातलंच एक कॉलेज, बाहेरून आलेले एक परीक्षक, टर्बो सीची निळी स्क्रीन. त्यांनी विचारलं एन्कॅप्सुलेशन म्हणजे काय. मला ते खरंच कळलेलं होतं, मी मोठ्या उत्साहानं सुरुवात केली की सर, माझे वडील लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, मुनीम आहेत, तर तिथली खातेवही... एवढ्यातच त्यांनी हात वर केला, म्हणाले मोंढ्याचं नको सांगू, डेफिनेशन सांग. मागं उभी असलेली पोरं हसली. मला डेफिनेशन शब्दाला शब्द आली नाही. 25 पैकी 9 मार्क. मार्कांचं दुःख तेव्हाच संपलं, पण ते वाक्य मला अजून जसंच्या तसं आठवतं, कारण माझं उत्तर बरोबर होतं. ते मी आज पूर्ण करतो.

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एकाच आडतीवर (शेतकऱ्याचा माल विकून देणाऱ्या दुकानात) 31 वर्षं मुनिमी केली. दिवाळीच्या आधी सोयाबीनची आवक सुरू झाली की दुकानापुढं कट्ट्यांच्या थप्प्या, हमालांची आरडाओरड, मापाडी वजनाच्या चिठ्ठ्या आणून टाकतोय, शेतकरी उचल, म्हणजे आगाऊ पैसे, मागायला उभे. ह्या सगळ्या गर्दीत खातेवहीत लिहिणारा हात एकच, अण्णांचा. मालकानं स्वतःच्या खिशातून कोणाला पाचशे रुपये दिले तरी मालक पेन उचलायचे नाहीत, हाक मारायचे, मुनीमजी, ह्यांच्या नावावर पाचशे टाका. दुकान मालकाचं, पैसा मालकाचा, तरी वहीला हात लावत नव्हते. लहानपणी मला वाटायचं ह्यात काहीतरी गुपित आहे. गुपित काहीच नव्हतं, कोणताही शेतकरी येऊन माझं खातं दाखवा म्हणाला की अण्णा पान उघडून दाखवायचे. कारण वेगळं होतं. पाचशे रुपये दिले की ते रोजमेळात (रोजच्या जमाखर्चाच्या वहीत) पण पडले पाहिजेत आणि खात्यावर पण, आणि रात्री दोन्हीचा मेळ लागला पाहिजे. दोन जागी लिहायची ही शिस्त ज्याला माहीत आहे त्यानंच लिहायचं. दुसऱ्या कोणी घाईत एका जागी लिहिलं की मेळ गेला, आणि कुठं गेला ते शोधायला रात्र जाते.

हेच एन्कॅप्सुलेशन. डेटा आणि त्याच्यावर काम करणारी फंक्शनं एका जागी ठेवायची हे बरोबर आहे, पण कशासाठी ते कोणी सांगत नाही. आतल्या आकड्यांचा एकमेकांशी मेळ कधीच बिघडू नये, आणि तो सांभाळायची जबाबदारी एकाच जागी असावी, ह्यासाठी. प्रायव्हेट म्हणजे बाहेरच्या कोडनं थेट हात लावायचा नाही, एवढंच. कोणापासून लपवणं हा अर्थ डोक्यातून काढून टाक.

आता मला हे एवढं कळत होतं तर मी पुढं काय केलं ते ऐक. 2011 मध्ये त्याच आडतीसाठी मी जावात हिशोबाचं सॉफ्टवेअर लिहिलं. शेतकरी नावाचा क्लास (शेतकऱ्याच्या माहितीचा साचा), आणि त्यातली 'बाकी' पब्लिक, म्हणजे कुठूनही बदलता येईल अशी, कारण टायपायला सोपं आणि काम लवकर पाहिजे होतं. बाकी म्हणजे दुकानानं शेतकऱ्याला द्यायची रक्कम. पट्टीची (माल विकल्याच्या बिलाची) स्क्रीन बाकी बदलायची, उचलीची स्क्रीन बदलायची, चूक दुरुस्तीची एक स्क्रीन होती ती पण बदलायची. एका शेतकऱ्याची पट्टी 40 हजाराची झाली, पेरणीला घेतलेली उचल 12 हजार, म्हणजे द्यायचे 28. पट्टी छापताना प्रिंटरमध्ये कागद अडकला, पोरानं पुन्हा प्रिंट दाबलं, आणि माझ्या कोडमध्ये उचलीची कपात प्रिंटच्याच बटणावर होती. खात्यावर राहिले 16. आठ दिवसांनी त्यांना 16 हजार दिले गेले. लग्नाचं होतं त्यांच्या घरी. ते दोन दिवसांनी परत आले, भांडायला नाही, नुसते पायरीवर बसून म्हणाले, मुनीमजी, बारा हजार कमी पडायलेत, माझंच काही चुकलं का बघा.

अण्णांनी कॉम्प्युटर आल्यावरही हाताची वही बंद केली नव्हती. ती उघडली, 28 लिहिलेले होते. मालकांनी त्याच मिनिटाला पैसे दिले. संध्याकाळी घरी अण्णांनी मला एकच विचारलं, तुझ्या वहीत लिहिणारे किती जण आहेत रे? मी म्हणलं तीन स्क्रीन. ते काहीच बोलले नाहीत, जेवायला बसले.

त्या रात्री मी बाकी प्रायव्हेट केली. कंपाईल केलं तर 14 ठिकाणी एरर. 14 ठिकाणी कोणीतरी परस्पर वहीत लिहीत होतं आणि तो कोणीतरी मीच होतो. मग आत दोनच मेथड (क्लासमधली फंक्शनं) ठेवल्या, जमा कर आणि नावे टाक, दोन्हींना पट्टी नंबर द्यावाच लागतो, आणि त्या नंबरची नोंद आधी झालेली असेल तर मेथड नाही म्हणते. त्यानंतर प्रिंट कितीदा पण दाबा.

आणि एक, तुमच्या प्रॅक्टिकलच्या फाईलीत प्रत्येक प्रायव्हेट फिल्डला गेट आणि सेट, म्हणजे ते वाचायची आणि बदलायची मेथड, लिहायला लावतात. बाकी प्रायव्हेट करून वर सेट बाकी अशी मेथड दिली तर काय उपयोग, वहीला कुलूप लावलं आणि किल्ली पायरीवर ठेवली.

बाकीचं पटकन सांगतो. क्लास म्हणजे वहीतलं आखलेलं कोरं पान, नाव, गाव, जमा, नावे असे रकाने असलेलं. ऑब्जेक्ट म्हणजे एकेका शेतकऱ्याचं भरलेलं पान. ॲबस्ट्रॅक्शन म्हणजे शेतकरी फक्त विचारतो माझी बाकी किती, रोजमेळ कसा लिहितात हे त्याला कळायची गरज नाही. पॉलिमॉर्फिझम म्हणजे पट्टी काढा एवढंच सांगायचं, सोयाबीन असेल तर ते ओलाव्याची घट धरेल, गूळ असेल तर तो आपल्या पद्धतीनं काढेल, सांगणाऱ्यानं इफ सोयाबीन, इफ गूळ असं विचारत बसायचं नाही.

इन्हेरिटन्स म्हणजे एका क्लासचं (पॅरेंटचं) जे आहे ते दुसऱ्या क्लासला (चाइल्डला) वारशानं मिळणं. त्यावर मात्र माझं स्पष्ट मत आहे, सगळ्यात जास्त शिकवतात आणि सगळ्यात कमी लागतं. मी शेतमाल असा पॅरेंट क्लास केला, त्यात ओलावा टाकला, तूर सोयाबीन ठीक बसले. मग गूळ आला, त्याला ओलावा मोजत नाहीत, मग ती मेथड गुळात बंद करून ठेवावी लागली. पॅरेंट जे वचन देतो ते चाइल्डनं पाळलंच पाहिजे, जिथं शेतमाल चालतो तिथं गूळ पण न अडखळता चालला पाहिजे, हे अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ बार्बरा लिस्कोव यांनी 1987 मध्येच मांडलंय. न पाळता आलं तर तो चाइल्ड नाहीच. शेवटी ओलावा वेगळा क्लास केला आणि ज्याला पाहिजे त्याच्या आत ठेवला.

कोणी म्हणेल ही मोंढ्याची पद्धत झाली, कॉम्प्युटर सायन्स नाही. तर ऐका. ऑब्जेक्ट आणि क्लास पहिल्यांदा आले ते सिम्युला भाषेत, नॉर्वेत ऑस्लोला, डाल आणि न्यूगार्ड ह्या दोघांनी 1960 च्या दशकात केली, आणि ती खऱ्या जगातल्या कामकाजाची नक्कल कॉम्प्युटरवर चालवून बघायलाच केली होती. म्हणजे सुरुवातच दुकान, कारखाना, रांग अशा गोष्टींतून आहे. ज्यांनी ऑब्जेक्ट ओरिएंटेड हा शब्द दिला त्या ॲलन के यांना 2003 मध्ये ईमेलवर विचारलं होतं की ह्याचा अर्थ काय, तर त्यांनी सांगितलं मेसेज पाठवणं, आतली स्थिती आतच जपून ठेवणं, आणि कोणती गोष्ट चालणार ते शक्य तितकं उशिरा ठरवणं. इन्हेरिटन्स त्यात नाही. मालक हाक मारून सांगतात आणि मुनीम लिहितो, हा मेसेजच आहे. त्या परीक्षकांना मला हे सांगायचं होतं.

हां, पण तोंडी परीक्षेत तू आधी डेफिनेशनच सांग, चारही पाठ असू दे, इन्हेरिटन्सचे प्रकार पण, मार्क त्यालाच आहेत. आणि इन्हेरिटन्स अगदीच टाकाऊ आहे असंही नाही, जावात स्क्रीन बनवताना ते लागतंच, तिथं मी पण वापरलं.

भाषेचं म्हणशील तर जावा. पायथन मी रोज वापरतो, लिहायला हलकं आहे, पण तिथं प्रायव्हेट असं सक्तीचं नसतं, नावाआधी अंडरस्कोर दिला म्हणजे हात लावू नका अशी विनंती, कोणी लावला तर भाषा अडवत नाही. जावाचा कंपायलर तुला त्या 14 जागा लाल करून दाखवतो. खाते नावाचा एक क्लास लिही, बाकी प्रायव्हेट ठेव, सेट मेथड देऊ नको, आणि मग मेनमधून, म्हणजे त्या क्लासच्या बाहेरून, बाकी बदलायचा प्रयत्न करून बघ.