तिसरी ओळ तेवढी ठेव

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तू तिला लिहिलेलं पत्र तपासायला पाठवलंस. शुद्धलेखनाची एकही चूक नाही, आणि तिथेच मला शंका आली. 'तुझ्याविना माझं अस्तित्व अपूर्ण आहे' हे तुझं नव्हे, मोबाइलनं लिहून दिलंय. 'अस्तित्व' हा शब्द तुझ्या तोंडून मी आजवर ऐकलेला नाही.

हा गुन्हा मीही केलाय म्हणा. लग्नानंतरचं पहिलं वर्ष, हे गडचिरोलीला नोकरीवर. यांची आंतर्देशीय पत्रं यायची: रॉकेल मिळालं का, दादांचा खोकला कसा आहे, इकडे पाऊस फार. मला वाटायचं, या माणसाला मन आहे की नाही! एकदा चिडून मी कादंबरीतले दोन परिच्छेद उतरवून पाठवले. उलटटपाली उत्तर: 'बरी आहेस ना? ताप असेल तर अंगावर काढू नकोस.'

सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रं आज वाचायला मिळतात, १८५६, १८६८ आणि १८७७ ची. बायकोनं नवऱ्याला लिहिलेली पत्रं म्हणून मी ती उघडली आणि आधी हिरमुसलेच. लाडिक असं काही नाहीच. मधलं पत्र २९ ऑगस्ट १८६८ चं, नायगावहून, म्हणजे माहेरून. गणेश नावाचा पोथीपंचांगावर पोट भरणारा ब्राह्मण आणि शारजा ही महार मुलगी एकमेकांत गुंतले, तिला दिवस गेले. गावानं दोघांना धरून वाजतगाजत मारायला नेलं. बाई धावत गेल्या. आता बघ, त्या जमावाला त्यांनी प्रेम पवित्र असतं वगैरे सांगितलं नाही. खून कराल तर इंग्रजी कायदा काय करील, याचा धाक घातला. माणसं पांगली. मग त्या दोघांना त्यांनी पुण्याला जोतीरावांकडे धाडलं. न विचारता! तो माणूस दार लावणार नाही, ही खात्री त्या पत्रात कुठेही लिहिलेली नाही आणि सगळीकडे आहे. मला तरी याहून मोठं प्रेमपत्र माहीत नाही.

तुझ्या वडिलांशी बोलताना हे ध्यानात धर. 'आमचं एकमेकांवर प्रेम आहे' ऐकून ते पेपर उघडतील. त्यांच्या पोटात भीती आहे ती भावकीची, धाकटीच्या लग्नाची. त्यावर बोल. खोली कुठे घेणार, भाडं किती, कोणाच्या पगारात चालणार, हे कागदावर मांडून ने. जात निघेलच. तेव्हा आवाज चढवू नकोस, पण मागेही सरू नकोस.

आणि 'राज्यसेवा निघाली की मग तिला विचारीन' हे आधी डोक्यातून काढ. दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत गेलास, तिसऱ्यांदाही जाशील, पुढचं कोणाच्या हातात आहे? पोस्ट मिळाल्यावर विचारलंस तर तिनं होकार तुला दिला की लाल दिव्याला, हे तुलाच कळायचं नाही. (दिवा आता काढलाय म्हणे. असो.)

पत्र परत पाठवतेय. पहिल्या दोन ओळी आणि खालचं सगळं खोडलंय. तिसरी ओळ राहू दे: 'परवा तुला चक्कर आली म्हणालीस, मेसचं जेवण बंद कर, माझ्या मावशीकडून डबा लावून देतो.' ही तुझी आहे. डबा मात्र खरंच लाव, सोमवारपासून.

तुझी,
बाई