सरकारी मोहिमेचा कायमचा कायदा कसा होतो?

‘स्वयंपूर्ण गोवा’सारखी (सरकारी योजना गावोगावी पोचवून गावं स्वावलंबी करण्याची) मोहीम सरकार बदललं तरी टिकावी म्हणून काय करावं लागेल, असं तुम्ही विचारलंय. अशा मोहिमा सरकारी निर्णयावर चालतात. नवं सरकार त्या गुंडाळू शकतं. कायद्यासाठी पर्वरीला विधानसभेत विधेयक मंजूर व्हावं लागतं, मग राज्यपालांची संमती, राजपत्रात प्रसिद्धी. पण नुसतं मोहिमेचं नाव कायद्यात घालून भागत नाही. लोकांना सेवा देण्याची मुदत, ती न मिळाल्यास अपील आणि अधिकाऱ्यांच्या चुकारपणाला दंड हवाच. गोव्यात कालबद्ध सेवांचा, म्हणजे ठरलेल्या मुदतीत सरकारी सेवा देण्याचा कायदा २०१३ चा आहे. माझ्या मते त्याच कायद्यातली सेवांची यादी वाढवून मोहिमेतल्या सेवा तिच्यात घालाव्यात. तोवर मामलेदार कचेरीत रहिवासी दाखल्याचा अर्ज देताना तारखेसकट पोच घ्याच, उशीर झाला तर अपिलात तोच पुरावा.