आंतररेण्वीय की अंतररेण्वीय?

‘ध्रुवीय पदार्थांत अंतररेण्वीय बल जास्त, म्हणून त्यांचा उत्कलनांक जास्त’ या वाक्यात ‘अंतर’ बरोबर की ‘आंतर’, असा प्रश्न आहे. (ध्रुवीय म्हणजे ज्याच्या रेणूचं एक टोक किंचित धन आणि दुसरं किंचित ऋण असतं, ते.)

‘आंतर’च लिहा. दोन किंवा अधिक घटकांमधलं ते आंतर-: आंतरजातीय, आंतरशालेय. एकाच्या आतलं ते अंतर्-: अंतर्गत, अंतर्मन. (वायूचं ‘वायवीय’ होतं, त्या न्यायाने ‘रेणवीय’ हवं, पण ‘रेण्वीय’ आता रुळलंय, ते राहू द्यावं.)

रसायनशास्त्रात या एका कान्याने अर्थ पार बदलतो. पाणी उकळतं तेव्हा रेणू एकमेकांपासून सुटतात, फुटत नाहीत; म्हणजे मात होते ती रेणूरेणूंमधल्या आंतररेण्वीय बलावर, रेणूच्या आतल्या बंधांवर नव्हे. बुडबुड्यात असते ती पाण्याचीच वाफ, हायड्रोजन आणि ऑक्सिजन नव्हे. 100 अंश सेल्सिअसला 18 ग्रॅम पाण्याची वाफ करायला सुमारे 41 किलोजूल पुरतात. तेवढ्याच पाण्यातले सगळे ऑक्सिजन-हायड्रोजन बंध तोडायला 900हून जास्त लागतील.

नायट्रोफिनॉल या संयुगात तर हा फरक चंबूतच दिसतो. ऑर्थो प्रकारात हायड्रॉक्सिल आणि नायट्रो गट शेजारीशेजारी, त्यामुळे हायड्रोजन बंध (एका गटातला हायड्रोजन आणि दुसऱ्यातला ऑक्सिजन यांच्यातलं आकर्षण) रेणूच्या आतल्या आत जुळतो. पॅरामध्ये ते दोन विरुद्ध टोकांना, म्हणून बंध शेजारच्या रेणूशीच जुळतो. ऑर्थो सुमारे 215 अंशांना उकळतं. पॅरा 279च्या आसपास, तेही विघटन होत होत. मिश्रणातून पाण्याची वाफ सोडली की ऑर्थो वाफेबरोबर निघून येतं, पॅरा मागे राहतं.

तुमच्या वाक्यात ‘रेणुभार जवळपास सारखा असेल तर’ एवढी अटही घाला. सिस-1,2-डायक्लोरोइथीन (दोन्ही क्लोरीन एकाच बाजूला) ध्रुवीय, ते 60 अंशांना उकळतं; ट्रान्स (क्लोरीन विरुद्ध बाजूंना) अध्रुवीय, ते 48ला. रेणुभार एकच, म्हणून इथे श्रेय ध्रुवीयतेला. पण ध्रुवीय क्लोरोफॉर्म 61ला उकळतं आणि अध्रुवीय कार्बन टेट्राक्लोराइड 77ला! त्याचा रेणू मोठा, इलेक्ट्रॉन जास्त, म्हणून लंडन बल (इलेक्ट्रॉनांच्या हालचालीमुळे सगळ्याच रेणूंमध्ये निर्माण होणारं आकर्षण) जास्त.

हिंदी पुस्तकावरून लिहिताना आणखी जपायला हवं. हिंदीतला ‘अणु’ म्हणजे आपला रेणू, आणि आपला अणू तो त्यांचा ‘परमाणु’. हिंदीतल्या ‘अंतराआण्विक’ (रेणूरेणूंमधलं) या शब्दाचं मराठीत ‘आंतरअण्वीय’ केलं, की ते बल अणूअणूंमधलं होतं, म्हणजे पुन्हा रेणूच्या आतलंच.