फ्रेंच सायकलपटू रोजे रिव्हिएर यांची कारकीर्द अवघ्या चार हंगामांत का संपली?

१० जुलै १९६० रोजी टूर द फ्रान्सच्या चौदाव्या टप्प्यात पेर्ज्युरे घाट उतरताना झालेल्या अपघातात मणके मोडल्यामुळे रोजे रिव्हिएर यांना वयाच्या चोविसाव्या वर्षीच शर्यती कायमच्या सोडाव्या लागल्या. त्या दिवशी ते एकूण क्रमवारीत दुसरे होते आणि उतारावर बेधडक सायकल हाकण्याबद्दल ख्याती असलेल्या इटलीच्या गास्तोने नेन्चिनी यांची पाठ न सोडण्याच्या प्रयत्नात एका वळणावरील बुटक्या कठड्याला धडकून थेट दरीत फेकले गेले. आरंभी त्यांनी ब्रेककडे बोट दाखवून मेकॅनिकवर ठपका ठेवला, जो माझ्या मते त्या माणसावर मोठाच अन्याय होता. पुढे मात्र पाल्फियम हे तीव्र वेदनाशामक घेतल्याचे त्यांनी स्वतःच कबूल केले. या औषधाने बोटे बधिर होऊन ब्रेक वेळेवर दाबला गेला नाही, असे बहुतेक जाणकार मानतात, परंतु हा तर्क आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे, एवढे ध्यानात ठेवावे. कारकीर्द छोटी असली तरी तिचे मोल फार मोठे आहे, हे अधिकृत नोंदींवरूनच दिसते:

- १९५७, १९५८ व १९५९ अशी सलग तीन वर्षे व्यावसायिकांच्या परस्यूट शर्यतीचे (ट्रॅकच्या समोरासमोरील बाजूंनी निघून दोन सायकलपटूंनी एकमेकांचा पाठलाग करण्याच्या शर्यतीचे) विश्वविजेतेपद;
- मिलानच्या व्हिगोरेली ट्रॅकवर तासाभरात सर्वाधिक अंतराचा विक्रम दोनदा, त्यांपैकी १९५८ मध्ये मध्येच टायर पंक्चर होऊनही ४७ किलोमीटरचा टप्पा ओलांडणारे ते पहिलेच. हा विक्रम १९६७ पर्यंत अबाधित राहिला.