वाचक विचारतात : जुने विलायती सिगारेट ब्रँड

प्रश्न : आजोबांच्या ट्रंकेत गोल्ड फ्लेकचा पन्नास सिगारेटींचा गोल पत्र्याचा डबा सापडला. त्यावर विल्सचं नाव आहे. तो किती जुना असेल? कसा सांभाळावा? (सातारा)

उत्तर : डब्यावर साल सहसा छापलेलं नसतं. ठळक नावाकडे दुर्लक्ष करा आणि भिंग घेऊन कडेची बारीक अक्षरं वाचा. डब्ल्यू. डी. अँड एच. ओ. विल्स ही मूळची ब्रिस्टॉलची पेढी. नावाखाली ‘इम्पीरियल टोबॅको कंपनी ऑफ ग्रेट ब्रिटन अँड आयर्लंड’ची शाखा, असा मजकूर असेल तर डबा १९०१ च्या डिसेंबरनंतरचा, कारण ती कंपनीच तेव्हा स्थापन झाली. ‘इम्पीरियल टोबॅको कंपनी ऑफ इंडिया’ असेल तर १९१० ते १९७० मधला. १९७० मध्ये याच कंपनीचं नाव ‘इंडिया टोबॅको कंपनी’ झालं, ते जेमतेम चार वर्षं टिकलं. १९७४ पासून आय.टी.सी. लिमिटेड. आरोग्याचा इशारा नसेल तर भारतीय डबा बहुधा १९७५ च्या कायद्याआधीचा. ब्रिटनमध्ये पाकिटांवर इशारा १९७१ पासून आला.

फसगत होते ती इथेच : विल्स हे नाव भारतात बनलेल्या मालावरही छापलं जाई. तेव्हा नुसतं ‘विल्स’ दिसलं म्हणून डबा बोटीने आला असं समजू नका.

डबा पाण्यात बुडवू नका, चिंच किंवा पितांबरी तर लावूच नका. छपाई थेट पत्र्यावर असेल तर घासलं की रंग जातो. कोरडं मऊ फडकं पुरे. आतल्या कडेला गंज दिसला तर सिलिका जेलची पुडी ठेवा. झाकणात वळवून सील कापायचं पातं असतं, त्याला बोट जपून लावा. आत सिगारेटी असल्याच तर ओढून बघण्याचा मोह नको.

प्रश्न : मग गोल्ड फ्लेक ब्रिटिश म्हणायची की आपली? (ठाणे)

उत्तर : दोन्ही, आणि याचं मूळ एका भांडणात आहे. विल्सने १८८३ मध्ये बॉनसॅक यंत्राचे हक्क घेतले. मिनिटाला सुमारे २०० सिगारेटी वळणारं हे यंत्र नसतं, तर विल्सची १८८८ ची स्वस्त वुडबाइन सिगारेट एका पेनीला पाच विकणं परवडलंच नसतं. १९०१ मध्ये अमेरिकन टोबॅकोच्या जेम्स ड्यूकने लिव्हरपूलची ऑग्डेन्स कंपनी विकत घेतली आणि ब्रिटिश बाजारात पाय रोवला. घाबरलेल्या १३ ब्रिटिश कंपन्या एकत्र आल्या, तीच इम्पीरियल. वर्षभर दरयुद्ध चाललं. १९०२ मध्ये तह झाला : ब्रिटन इम्पीरियलला, अमेरिका ड्यूकला आणि बाकीच्या जगासाठी दोघांची मिळून ब्रिटिश अमेरिकन टोबॅको. एकाच नावाचा मालक देशागणिक निराळा झाला तो तेव्हापासून. भारत या ‘बाकीच्या जगात’ पडला, म्हणून इथली गोल्ड फ्लेक ब्रिटिश अमेरिकन टोबॅकोच्या भारतातल्या कंपनीची, म्हणजे आजच्या आय.टी.सी.ची. १९९६ च्या विश्वचषकाच्या नावातलं ‘विल्स’ही ब्रिस्टॉलचं नव्हे, आय.टी.सी.चंच.

प्रश्न : ‘नेव्ही कट’ म्हणजे नेमकं काय? (नागपूर)

उत्तर : तंबाखू कापण्याची पद्धत. खलाशी पानांवर रम शिंपडून ती कापडात गुंडाळत, वरून दोरी करकचून आवळत. मुरून घट्ट झालेल्या गठ्ठ्याच्या चकत्या कापायच्या. कारखान्यात तेच काम दाबयंत्र करू लागलं. नॉटिंगहॅमच्या जॉन प्लेयरने पाकिटावर दाढीवाला खलाशी आणला. त्याच्या टोपीच्या पट्टीवर ‘हीरो’ लिहिलेलं असे. विल्सचीही नेव्ही कट होती, म्हणून खलाशी नसला तरी पाकीट खोटं ठरत नाही.

प्रश्न : बेन्सन अँड हेजेसच्या जुन्या पाकिटावर राजचिन्ह आहे, पुढच्या काळातल्यावर नाही. नक्कल असेल का? (पणजी)

उत्तर : तेवढ्यावरून नाही. १८७३ मध्ये लंडनमध्ये सुरू झालेल्या या दुकानाला १८७८ मध्ये राजघराण्याला माल पुरवण्याचा मान मिळाला. राजवाड्यात मागणी उरली नाही, या कारणाने तो १९९९ मध्ये काढून घेतला गेला. मे २०१७ पासून ब्रिटनच्या दुकानांत सोनेरी पाकीटही दिसत नाही : सगळ्या ब्रँडना एकच मळकट हिरवट-तपकिरी रंग, ठरलेला टाइप आणि इशाऱ्याचं चित्र. हाही ब्रँड वाटला गेलेला आहे. ब्रिटनमध्ये तो २००७ पासून जपान टोबॅकोकडे आहे, अमेरिकेत फिलिप मॉरिसकडे. म्हणून पाकीट कुठलं हे ठरवताना कडेवरचं उत्पादकाचं नाव आणि इशाऱ्याची भाषा पाहा.